तीन पास, चार मोकळं

१

माझ्या दुकानातल्या हवा भरायच्या मशीनवर हात ठेवून सांगतो, ही गोष्ट अक्षर न् अक्षर खरी आहे. शहापूरला हायवेला लागून माझं टायरचं दुकान आहे. पंचवीस वर्षं त्याच मशीनवर पोट भरतो, तेव्हा तिची शपथ मी उगाच घेणार नाही.

डिसेंबरातला रविवार होता, सकाळी दाट धुकं होतं. म्हणजे धुकं नव्हतं. धुकं मी पहिल्या दोन-तीनदा सांगताना घातलं होतं, कारण धुक्याशिवाय लोक कान देत नाहीत. आता लिहायलाच बसलोय तर ते काढून टाकतो. लख्ख ऊन होतं. धान कापून झालं होतं, धानाच्या बांध्यांमध्ये कापलेल्या पेंढ्यांचे पुंजणे रचलेले होते, आणि लांबच्या पुंजण्यावर बसलेला कावळासुद्धा दिसत होता. सगळं नीट दिसत होतं, हीच तर सगळी अडचण आहे.

मला लोक खुशालभाऊ म्हणतात आणि माझं बोलणं निम्मं सोडून देतात. माझी मुलगी रक्षा तर सगळंच सोडून देते. भंडाऱ्याला एका लॅबमध्ये ती रक्ताचे नमुने तपासते. काचेखाली पाहिल्याशिवाय कशालाच हो म्हणायचं नाही ही तिची सवय, आणि बापाला काचेखाली ठेवता येत नाही म्हणून बापावर विश्वासच नाही.

तिला लाखनीचं स्थळ आलं होतं. मुलगा मनिष, शेतीच्या औषधांचं स्वतःचं दुकान. पाहणं झालं, दोघं एकमेकांना पसंत पडली, साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख तेवढी काढायची राहिली होती. तेव्हा रक्षा अडली.

"बाबा, घरी पोहे खाताना सगळेच चांगले दिसतात. मले तो बाहेर कसा वागते ते पाहू द्या. एक दिवस. संध्याकाळी हो का नाही ते सांगतो."

म्हणून मी ही गाड्यांची सहल काढली. दोन घरं, चार गाड्या. तुमसरवरून गायमुखला सरळ जाता येतं, पण आम्ही चिखल्याच्या बाजूनं वळसा घालून जंगलातल्या वळणावळणाच्या रस्त्यानं जायचं, गायमुखला गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे पानगे, वरण आणि वांग्याची भाजी करायची, आणि दिवस कलायच्या आत परत. संध्याकाळी पोरीचा जबाब.

मुलीचं अख्खं आयुष्य त्या एका दिवसावर टांगलेलं होतं, आणि तो दिवस मी आखला होता. एवढं लक्षात ठेवा.

२

त्या रस्त्याची एक गोष्ट आहे. रविवारी सकाळी तो सायकलींचा असतो. एक तर नागपूरकडचे शौकीन, चड्डी घट्ट, हेल्मेट टोकदार, सायकल माझ्या स्कूटरपेक्षा महाग. दुसरे कामाचे, मँगनीजच्या खाणीतून रातपाळी करून घरी चाललेले. पहिल्यांना घाई असते आणि दुसऱ्यांना झोप. दोघंही आरशात पाहत नाहीत.

मागे एकदा असेच शौकीन माझ्या दुकानात हवा भरायला थांबले होते. त्यातल्या एकाने मला चांगलं झापलं. "पहिली गाडी कधीच ठोकत नाही भाऊ. ठोकते ती मागची, पुढच्या गाडीला गाठायच्या नादात." हे मला पटलं होतं. त्यातून मी नियम काढला.

विनोद हा माझ्या बहिणीचा मुलगा. लग्नाचे मांडव घालतो. वरात कुठं अडली हे आचाऱ्याला कळवायला त्याच्याकडे चार वॉकीटॉकी आहेत. पहिली गाडी त्याची, त्यात तो एकटा. दुसऱ्या गाडीत मनिषचे वडील मधुकरराव आणि आई आनंदाबाई. मधुकरराव निवृत्त मुख्याध्यापक. माझा एकही विनोद त्यांनी अजून हसून वाया घालवलेला नव्हता. तिसरी गाडी मनिषची, पांढरी. तोही एकटा, कारण मागं सगळी पातेली, पिठाची पिशवी आणि गोवऱ्यांचं पोतं भरलं होतं. चौथी माझी. मी, माझी बायको वच्छला आणि रक्षा.

नियम असा. सायकल दिसली की विनोदनं सांगायचं, "सायकल एक, डाव्या हाताले." ओलांडली की "एक पास." मग दुसऱ्या गाडीनं ओलांडली की "दोन पास." तिसरीनं "तीन पास." शेवटी आमच्या गाडीतून रक्षानं म्हणायचं, "चार, मोकळं." मोकळं ऐकू येईपर्यंत विनोदनं वेग वाढवायचा नाही. म्हणजे कोणी कोणाला गाठायला पळणार नाही.

"हे कायले लागते?" वच्छला म्हणाली. "तुमाले वरात काढल्याशिवाय जमतच नाही."

पण तुमसर सोडल्यावर सगळ्यांनाच मजा यायला लागली. विनोद क्रिकेटचं समालोचन करावं तसा ओरडायचा. मधुकरराव हजेरी घेतल्यासारखे म्हणायचे, "दोन. उत्तीर्ण." मनिष साधंच म्हणायचा, "तीन पास," पण घाई नाही, हॉर्न नाही, सायकलला पुरी जागा देऊन. रक्षा हातातलं यंत्र ओठांशी धरून ते ऐकत होती. अकरा सायकली आम्ही अशा ओलांडल्या, आणि पोरीच्या चेहऱ्यावर अकराव्या सायकलपर्यंत 'हो' उमटायला आलं होतं. बाप आहे, मला दिसतं.

मग बारावी.

"सायकल एक, डाव्या हाताले," विनोदचा आवाज. "खाणीतला माणूस हाय. हँडलले पिवळं टोप अडकोलं हाय." खाणीत डोक्यावर घालतात ते टोप.

"एक पास."

"दोन. उत्तीर्ण."

थोडा वेळ काही नाही.

"तीन पास," मनिष म्हणाला.

आम्ही वळणावर आलो. डाव्या बाजूला दगडी कठडा, खाली नाला, उजव्या बाजूला उभी दरड आणि बांबू. रस्ता मोकळा. आम्ही वळण घेतलं, पुढचं घेतलं. पुढं मनिषची पांढरी गाडी दिसली.

सायकल नव्हती.

"बाबा, गेली का आपल्या बाजूनं?" रक्षानं विचारलं.

"नाही."

"मग?"

"उतरला असल कुठं. माणसाले काही कामं नसतात का?"

रक्षानं बटण दाबलं आणि म्हणाली, "चार, मोकळं."

३

पाच-सहा किलोमीटर गेलो असू. मी वच्छलाला एक जुनी गोष्ट सांगत होतो, चालत्या ट्रकचं चाक बदलल्याची. तेवढ्यात विनोद बोलला, पण समालोचन नव्हतं.

"मामा. सायकल एक. डाव्या हाताले."

"मग सांग ना पुढचं."

"पिवळं टोप हाय हँडलले."

"खाणीत सगळ्याइचंच पिवळं असते लेका."

"तोच हाय मामा. तोच निळा डबा, तेच मळकं स्वेटर. एक पास."

मधुकररावांचा आवाज आला. "खुशालराव, ही तुमची काही गंमत आहे का? आधीच पुढे कोणाला उभं करून ठेवलंय?"

आता प्रामाणिकपणे सांगतो, ह्याचा मला थोडा अभिमानच वाटला. अशी गंमत मला सुचायला हवी होती. "नाही हो, देवाशपथ," मी म्हणालो, आणि माझ्याच गाडीतल्या दोन्ही बायका माझ्याकडे बघायला लागल्या.

"दोन," मधुकरराव म्हणाले. उत्तीर्ण म्हणाले नाहीत.

ह्या वेळी तिसऱ्या गाडीचा आवाज यायला बराच वेळ लागला. मी मनात मोजत होतो, पंचवीसपर्यंत मोजलं.

"तीन पास."

आम्ही वळण घेतलं. रस्ता रिकामा होता. ह्या जागी कठडाही नव्हता, नालाही नव्हता. दोन्हीकडे कापलेल्या बांध्या, सपाट, चप्पल हरवली तरी सापडेल अशा. माणूस आणि सायकल लपायला जागाच नव्हती.

मी विचार करू लागलो. माझ्यासारख्या माणसाला एक फायदा असतो, फसवाफसवीचे सगळे रस्ते पायाखालचे असतात. पहिला संशय विनोदवर. मामावर उलटी गंमत करायची म्हणून तो नसलेल्या सायकली सांगत असेल. पण मधुकरराव 'दोन' म्हणाले होते. ते गृहस्थ पोरांच्या कवायतीतसुद्धा खोटं पाऊल टाकणार नाहीत. म्हणजे दुसऱ्या गाडीपर्यंत सायकल होती, आणि चौथ्या गाडीपर्यंत नव्हती.

मध्ये फक्त मनिष होता.

"बाबा," रक्षा हळूच म्हणाली. यंत्राचं बटण तिनं सोडून दिलं होतं. "पहिल्या वेळी तो कठडा होता ना. खाली नाला होता."

"मग?"

"काही नाही."

काही नाही म्हणाली, पण मला कळलं. कठड्यावरून खाली गेलेला माणूस मागच्या गाडीला दिसत नाही. आणि जो ठोकतो, तो सुद्धा 'पास' म्हणू शकतो. पण खाली गेलेला माणूस पाच किलोमीटर पुढं परत सायकल चालवत कसा असेल? हे मी रक्षाला विचारलं नाही, कारण तिनंही ते मला विचारलं नव्हतं.

४

मग मी माझाच नियम मोडला. अंतर कमी केलं. मनिषची गाडी तीस पावलांच्या पुढं जाऊ द्यायची नाही असं ठरवलं. वळण आलं तरी तिचं मागचं टोक माझ्या नजरेत. वच्छला म्हणाली, "तुमीच म्हणत होते ना, मागचा ठोकते म्हून?"

पुढं चढ होता. लांब, दोन वळणांचा.

"सायकल एक," विनोद म्हणाला. बाकीचं काही सांगितलं नाही. "एक पास."

"दोन." मधुकररावांच्या मागून आनंदाबाईचा आवाज ऐकू आला, "अहो, चला ना लवकर."

आता मनिषची पाळी. त्याची गाडी पूर्ण माझ्यासमोर होती, तिच्या पुढचा रस्ताही दिसत होता, आणि त्या रस्त्यावर काही नव्हतं. पाला होता. ऊन होतं.

मनिषनं उजवीकडचा दिवा लावला. वेग कमी केला. गाडी उजवीकडे घेतली, एका सायकलीला द्यावी तेवढी जागा डावीकडे सोडली. त्या रिकाम्या जागेच्या बाजूनं तो हळूहळू पुढं गेला. मग गाडी परत डावीकडे आली.

"तीन पास."

आणि गाडीचं मागचं डावं चाक दबलं.

मी टायरवाला आहे. लोक माणसाचा चेहरा बघतात, मी गाडीची बसण बघतो. एका कोपऱ्यात वजन आलं की गाडी कशी झुकते, पंक्चर झाल्यावर कशी, स्प्रिंगचा पाटा तुटल्यावर कशी, हे मला झोपेत सांगता येईल. हे पंक्चर नव्हतं. कोणीतरी त्या कोपऱ्याला भार दिला होता. चढावर इंजिन कण्हायला लागलं.

"त्याची गाडी पंक्चर हाय काय वो?" वच्छलानं विचारलं. म्हणजे मला एकट्यालाच दिसत नव्हतं.

पुढून विनोद ओरडत होता, "रक्षा, मोकळं का? मोकळं म्हण ना! मी थांबून राह्यलो इथं!"

रक्षानं यंत्र मांडीवर ठेवलं. चढ संपून उतार लागला तरी ते चाक वर आलं नाही.

५

गायमुखला गाड्या लावल्या. मी सरळ मनिषच्या गाडीजवळ गेलो. उभी असताना ती चारही पायांवर सारखी होती. टायरला हात लावून पाहिला, हवा बरोबर.

डाव्या बाजूचा आरसा मात्र मिटलेला होता. गल्लीतून गाडी काढताना मिटतात तसा.

आणि मागच्या डाव्या दाराची काच चार बोटं खाली होती. मनिष आत वाकून ती काच फडक्यानं पुसत होता. आतल्या बाजूनं.

"काय सांडलं?" मी विचारलं.

तो दचकला. "काही नाही काका. धूळ."

त्यानं तीन डाग पुसले होते, चौथा राहिला होता. काळा, लांबट, करंगळीएवढा.

तिथं चहाची टपरी होती. टपरीवाली शकुनबाई चिखल्याची, तिचा नवरा खाणीतून निवृत्त झालेला. चहा घेऊन ती गाडीपर्यंत आली आणि तिनं तो डाग पाहिला. "हे मँगनीजची काळी हाय. पाण्यानं नाही जात. गाडी कोणी धरली होती काय?"

"धरली म्हणजे?"

"चढावर सायकलवाले ट्रक धरतात ना भाऊ. आमचे मालक जलमभर तसेच घरी आले. मागचा डावा कोपरा धराचा, ट्रक ओढून नेते. डायवरले माहीत असते. चढ संपला का दोन थापा माराच्या पत्र्यावर न् सोडून द्याचं. थाप आली का डायवर समजते, सुटला."

"आणि थाप नाही आली तर?"

"त मंग धरूनच हाय अजून," शकुनबाई म्हणाली आणि हसली. "पण कारले कोणी नाही धरत वो. कारले धराले काय हाय?"

मी त्या चार बोटं उघड्या काचेकडे पाहिलं. मनिषनं कप घेतला, पण प्यायला नाही.

मधुकरराव जरा बाजूला उभे होते. मी त्यांना विचारलं, "सर, तुमी तर तीनदा पाह्यलं त्याले. चेहरा कसा होता?"

"मी चेहरे विसरत नाही," ते म्हणाले, आणि थांबले. वर्गात पोरानं अवघड प्रश्न विचारल्यावर थांबत असतील तसे. "पाठमोरा होता. आपण मागून येतो, तेव्हा पाठमोराच दिसणार."

"पण ओलांडल्यावर? आरशात?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"आरशातसुद्धा पाठच दिसली," ते म्हणाले. "माझी नजर आता पूर्वीसारखी राहिली नाही, खुशालराव."

एवढ्यात रक्षानं मला चुलीपासून दूर, वडाच्या बाजूला ओढलं. तिचे हात पिठानं भरलेले होते.

"बाबा, तुमी आज तरी गोष्टी करू नका. त्या पहिल्या वळणावर त्यानं कोणाले पाडलं का? मी त्याले विचारलं. तो म्हणते, नाही. पण डोळे वर नाही करत. मले संध्याकाळी जबाब द्याचा हाय. पाडून पळालेल्या माणसासंग मी जनम नाही काढणार. पण त्यानं काही केलं नसल, न् मी उगाच संशयावर नाही म्हटलं, त तेही पाप."

"मग काय करू?"

"जाऊन पाहून या. नाल्यात उतरून. एकटे जा. मी तुमचं ऐकीन."

पंचवीस वर्षांच्या पोरीनं बापाला पहिल्यांदा म्हटलं, मी तुमचं ऐकीन.

माझ्या गाडीमागे विनोदनं गाडी आडवी लावली होती आणि तो कुठं आंघोळीला गेला होता. मी मनिषकडे हात पुढं केला. "चाबी दे."

त्यानं चावी दिली. जरा जास्तच वेळ धरून ठेवली, मग दिली.

६

मी त्या वळणावर गेलो. गाडी कठड्याला लावली आणि खाली उतरलो.

आधी रस्ता पाहिला. ब्रेक घासल्याची खूण नाही, काच नाही, रंग नाही. कठड्यावरून वाकलो. खाली नाला, पाणी घोट्याएवढं. बांबू धरून धरून मी खाली गेलो. दोन्ही काठांनी शंभर-शंभर पावलं फिरलो. पाला उकरला. एक फाटकी चप्पल सापडली, पण ती पावसाळ्यातली, शेवाळ धरलेली. बाकी काही नाही.

वर आलो तर घंटी वाजली. टिर्रिंग. वळणावरून सायकल आली. हँडलला पिवळं टोप, मागं निळा डबा, मळकं स्वेटर. मी हात केला. तो थांबला, पाय टेकला. चांगला हसतमुख माणूस, पुढचा एक दात अर्धा तुटलेला.

"काय भाऊ, नाव काय?"

"भैय्यालाल."

"आज सकाळी आमच्या गाड्या गेल्या इथून. तुमाले काही लागलं तर नाही?"

"नाही जी. उलट म्याच पांढऱ्या गाडीची काच धरली होती चढावर. पोरगा चांगला हाय, हळू चालोते. रागावले काय?"

"मग तुमी सारखे सारखे पुढं कसे दिसत होते?"

त्यानं जंगलाकडे बोट केलं. "पायवाट हाय ना. रस्ता वळते, मी सरळ जातो."

मी त्याला एक बिडी दिली. त्यानं ती कानावर ठेवली आणि गेला.

परत येऊन मी सगळ्यांना हे असंच सांगितलं. मधुकररावांचा चेहरा एकदम सैल पडला. त्यांनी मातीत काडीनं वळणाचा नकाशा काढून पायवाट कशी जात असेल ते आम्हाला समजावलं. विनोद म्हणाला, "मी म्हणतच होतो." आनंदाबाईनं देवाला हात जोडले. पानगे गोवऱ्यांतून काढले, तुपात बुडवले, सगळे पोटभर जेवले. जेवण झाल्यावर रक्षानं संध्याकाळची वाट न पाहता आईच्या कानात जबाब दिला, आणि वच्छलानं तिथंच आनंदाबाईच्या हातावर गूळ ठेवला. महिन्याभरात साक्षगंध झालं. उन्हाळ्यात लग्न.

इथं गोष्ट संपवली तर चालते. दुकानात मी इथंच संपवतो.

७

पण मशीनवर हात ठेवला आहे, म्हणून सांगतो. सहाव्या भागात त्या वळणावर जे घडलं ते सगळं मी रचलं आहे; जेवण, जबाब आणि लग्न तेवढं खरं.

भैय्यालाल नाही. तुटका दात नाही, पायवाट नाही, बिडी नाही. चप्पलसुद्धा नाही, ती मी घातली, कारण शोधायला गेलेल्या माणसाला निदान एक चप्पल सापडली की लोकांना खरं वाटतं.

मनिषच्या गाडीतून मी त्या वळणापर्यंत गेलो, हे खरं. गाडी कठड्याला लावली, हेही खरं. इंजिन चालू होतं. मी दाराच्या कडीला हात घातला, आणि गाडी मागच्या डाव्या कोपऱ्यात बसली.

चालत्या गाडीत नाही. उभ्या गाडीत. दुकानात गिऱ्हाईक बोलता बोलता गाडीला टेकतं ना, तशी.

वाटेत मला एकही सायकल लागली नव्हती. मागं वळून पाहायला मान नुसती वळवायची होती. डावा आरसा उघडायला तर मानही वळवायची गरज नव्हती, बाजूच्या सीटवर सरकून काचेतून हात काढला की झालं असतं. मी समोर पाहत राहिलो. पण गाडीच्या मधल्या आरशात मागच्या डाव्या दाराच्या काचेची वरची कड दिसते, ती दिसली. कडेवरून आत वाकलेली बोटं होती. चार. काळी. ती घट्ट धरलेली नव्हती. बसमध्ये रोज जाणारा माणूस दांडा धरतो, तशी सवयीनं धरलेली होती.

पुढच्या सीटवर ते यंत्र पडलं होतं. मी ते उचललं आणि बटण दाबून म्हणालो, "तीन पास." कोणी विचारलं नव्हतं. गायमुखपर्यंत आवाज पोहोचणारही नव्हता. मला तेवढंच सुचलं.

मग गाडी वळवली. तीन वेळा पुढं-मागं करून वळवली आणि परत आलो. चढ लागला, चढ संपला. मी थापांची वाट पाहिली. गायमुखची झाडं दिसेपर्यंत वाट पाहिली.

नाल्यात काय आहे, मला माहीत नाही. मनिषनं त्या पहिल्या वळणावर कोणाला पाडलं, की त्यानं पाडलं नाही आणि दुसऱ्याच कोणाचं ओझं त्याच्या गाडीला लागलं, हे नाल्यात उतरल्यावर कदाचित कळलं असतं. त्यासाठीच मला पाठवलं होतं.

मी चावी परत दिली तेव्हा मनिष एकटाच गाड्यांजवळ उभा होता. सकाळपासून काका म्हणत होता. आता सासऱ्याला म्हणतात तसं म्हणाला, "मामाजी, डावा आरसा उघडला काय?"

"नाही."

"बरं केलं," तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. ते सुटल्याचं रडू होतं की पकडलं गेल्याचं, हे मी त्याला विचारायला हवं होतं. तेही विचारलं नाही.

तेवढ्यात रक्षा आली. माझ्या पायांकडे पाहिलं. नाल्यात उतरलेल्या माणसाच्या चपला ओल्या असतात. माझ्या कोरड्या होत्या. ती काचेखाली पाहणारी पोरगी, तिला ते दिसलं नसेल असं मला वाटत नाही. तरी तिनं विचारलं.

"बाबा, शपथ नका घेऊ. गोष्टही नका सांगू. तुमी उतरले होते ना?"

मी म्हणालो, "उतरलो होतो."

तिला हो म्हणायचं होतं आणि हो म्हणायला कोणाचा तरी शब्द हवा होता. तिनं माझा घेतला. परतीला ती मनिषच्या गाडीत बसली, पुढं, डाव्या बाजूला. आणि मी मागून पाहत असताना, आरशावरचं ऊन डोळ्यांवर येतंय म्हणून, तिनं हात बाहेर काढून तो मिटलेला आरसा उघडला.